वाडूझचा किल्ला, मार्गे पेण

सोलापुरात कुणाला 'रोह्याला चाललेय' म्हटलं की लगेच विचारतात, "कोण आहे तिथं?" अलिबागला जाणाऱ्याला हा प्रश्न कोणी करत नाही. तिथे समुद्र आहे, तेवढं कारण पुरतं. रोह्याला जायला माणूस लागतं. माझं माणूस तिथे होतं तेव्हा जाणं झालं नाही, आणि परवा गेले ती एका पोस्टाच्या तिकिटासाठी. माझ्या शिवणक्लासातल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

तिकीट लिख्टनस्टाइन या देशाचं. उच्चार जमला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. माझा थोरला भाऊ अनिलदादा त्याच देशाची तिकिटं जन्मभर जमवत होता, त्यालाही शेवटपर्यंत जमला नाही. तो आपला 'चिमुकला देश' म्हणायचा. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला, आपल्या एखाद्या तालुक्याहून लहान. डोंगरावर किल्ले आहेत, एका किल्ल्यात राजा अजून राहतो, आणि त्या किल्ल्यांची देखणी तिकिटं छापून जगभरच्या आमच्यासारख्या खुळ्यांना विकणं हा तिथला जुना उद्योग. दादाला हे खूळ रोह्यात लागलं. तिथल्या एका केमिकल कंपनीत तो नोकरीला होता आणि नदीपलीकडे अष्टमीत नारायण म्हात्रेकाकांच्या घरात भाड्याने राहायचा. काका त्याच कंपनीत फिटर होते. शिफ्ट जुळली की दोघं तिकिटं पसरून बसायचे, आणि मग जेवायला उठवायला काकूंना तीनतीनदा हाका माराव्या लागायच्या.

कंपनीने एकदा दादाला मशीन शिकायला स्वित्झर्लंडला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी तो बसने नदी ओलांडून चिमुकल्या देशात गेला. "अष्टमीतून रोह्यात जावं तसा गेलो गं, पूल संपला की दुसरा देश," असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं. तिथल्या पोस्टातून त्याने काकांना एक रिकामं पाकीट धाडलं. त्यावर तिथल्या राजधानीच्या, वाडूझच्या किल्ल्याचं तिकीट, आणि पत्ता चक्क मराठीत. फक्त पिनकोड आणि देशाचं नाव इंग्रजीत. तिथल्या पोस्टातल्या बाईने पाकीट आधी उलटं धरून बघितलं आणि मग शिक्का मारला, हे सांगताना तो दरवेळी हसायचा. पत्रं लिहायचा त्याला कंटाळा, त्याचं सगळं फोनवर. अल्बमला पेन लावायचं नाही हा त्याचा नियम. तो गेल्यावर अल्बम माझ्याकडे आला, पण त्यात त्याचं एक अक्षर नव्हतं. घरात राहिली ती बँकेच्या कागदांवरची इंग्रजी सही.

अल्बममध्ये किल्ल्यांचं एक पान आहे. त्यात बाल्झर्सचा टेकडीवरचा किल्ला आहे, शेलेनबर्गचे पडके बुरूज आहेत, आणि मध्ये एक चौकोन रिकामा आहे. काकांना मी फोन केला. "काका, दादाच्या त्या पाकिटावरच्या तिकिटाची जागा रिकामी आहे. द्याल का?" काका म्हणाले, "द्याल का काय इचारतेस गो? ये नी घेऊन जा." खरं तर मला अख्खं पाकीट हवं होतं, दादाच्या अक्षरासकट. पण ते तोंडाने मागायची लाज वाटली. तिकीट मागणं हा आम्हा जमवणाऱ्यांचा नेहमीचा व्यवहार आहे. अक्षर मागणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या ट्रंकेत हात घालणं. समोरासमोर बसल्यावर हळूच सांगू, असं मनाशी ठरवून मी निघाले.

पेण, मंगळवार

पेणला उतरायचं ते काकांच्या हुकमावरून. त्यांची मुलगी मंदा पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात दिलेली. "एक रात तिच्याकडं ऱ्हा, दमशील," असं त्यांनी बजावलं होतं. मंदा स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, पण तिने माझी बॅग अशी ओढून घेतली की जणू मी दर दिवाळीला येते.

मंदा गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. आम्ही आधी तिथेच गेलो. आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतो आणि जातो. पेणला तो बारा महिने मुक्कामाला असतो. थंडीचे दिवस, त्यामुळे मूर्ती अजून रंगायच्या होत्या. रांगेने पांढरेशुभ्र गणपती बसलेले, कुणाला डोळे नाहीत, कुणाला पितांबर नाही. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती करणारा माणूस वेगळा, असं मंदाने सांगितलं. मी फोनवर तिला वाडूझच्या किल्ल्याचा फोटो दाखवला. तिने मान तिरकी करून बघितला आणि म्हणाली, "ताई, हा तर मखर हाय. यात बाप्पा बसवायचा राहिलाय."

रात्री जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. सोलापूरच्या कडक भाकरीवर वाढलेल्या माणसाला ही भाकरी आधी लबाड वाटते. मऊ, पांढरी, हातात घेतली की लोंबते. तीन खाल्ल्यावर माझं मत बदललं. माशाचे काटे काढण्यात मात्र मी इतका वेळ लावला की मंदाच्या सासूबाई उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि लहान पोराला भरवावं तसे काटे वेगळे करून देऊ लागल्या. "तुमच्याकडं नदी नाय काय?" त्यांनी विचारलं. आहे, पण तिच्यात पाणी असेलच असं नाही, असं मी म्हटल्यावर त्यांना माझी भारीच कीव आली.

पेण, बुधवार

सकाळी निघून मला रोह्याला पोचायचं होतं. काकांना तसं सांगितलंही होतं. पण मंदाने सुट्टी टाकली होती आणि मला मिठागर दाखवल्याशिवाय ती सोडणार नव्हती. तिच्या सासरच्यांची हयात मिठागरात गेली. आता बरीचशी मिठागरं पडून आहेत, काहींच्या कडेने कुंपणं आलीत. एक मात्र चालू होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, आणि तळाशी मीठ धरू लागलेलं. एक बाई लांब दांड्याच्या फावड्याने ते कडेला ओढत होती. मला बघून ती म्हणाली, "पाय बघून टाक गो, ही जमीन खोटी हाय." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा डावा पाय घोट्याच्या वर चिखलात गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही. मंदाने हात घालून पाहिलं, तिच्या नवऱ्याने काठी घालून पाहिलं. खाडीने ती घेतली ती घेतलीच. मंदाच्या जांभळ्या प्लास्टिकच्या चपला घालून मी पुढचा सगळा प्रवास केला.

या गडबडीत दुपार झाली. तरी मी निघू शकले असते. पण मंदा शेतातून वालाच्या शेंगांची पाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आज पोपटी लावतो. पोपटी खाल्ल्याबिगर गेलीस तर बाबा मना फाडून खातील." पोपटीबद्दल मी दादाकडून इतकं ऐकलं होतं की माझा पाय निघेना. मी काकांना फोन लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने शेंगा निवडत होते.

"काका, उद्या आले तर चालेल का? मंदा पोपटी लावतेय."

"चालंल की. खा पोटभर," काका म्हणाले. "मी तवर तिकीट तयार करून ठेवतो."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. एवढं आयुष्य तिकिटं जमवण्यात घालवलेल्या बाईला 'तिकीट तयार करणं' म्हणजे काय हे कळू नये? पण मंदाची सासू शेंगांवरून काहीतरी चेष्टा करत होती आणि मी हसत होते. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पोपटी अशी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. हा रानात आपोआप उगवतो, वास ओव्याच्या जवळचा. त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि मिठागरातलं जाडं मीठ. वरून पुन्हा पाला कोंबून मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडक्यावर पाण्याचे थेंब उडवले आणि ते चुर्र करून नाहीसे झाले की झाली पोपटी. मग सगळ्यांनी कागदावर ओतून गोल बसायचं आणि बोटं भाजत खायचं. आमच्या हुरड्याची मला आठवण झाली. फरक एवढाच की हुरड्याला आम्ही गप्पा मारतो, आणि इथे पहिली दहा मिनिटं कोणी बोलतच नाही. दादाने सांगितलं होतं त्याहून ती चांगली होती. हे लिहिणं मला जड जातंय, पण चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे.

अष्टमी, गुरुवार

नागोठण्यावरून एसटी गेली तेव्हा अंबा नदी निमूट वाहत होती. पावसाळ्यात हीच बाजारात शिरते म्हणे. रोह्याला उतरले आणि हवेत तो वास आला. कंपन्यांचा, जरा आंबट, जरा गोडसर. दादा सुट्टीला घरी यायचा तेव्हा त्याच्या बॅगेतल्या कपड्यांना हाच वास असायचा आणि आई ते कपडे दोनदा धुवायची. मी स्टँडवर उगाच थोडा वेळ उभी राहिले. मग कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीत गेले.

काका दारातच होते. उंच, वाकलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "चप्पल मंदीची दिसतंय." मग हात धरून आत घेऊन गेले. पाणी पिऊ दिलं नाही की बसू दिलं नाही, आधी टेबलापाशी. टेबलावर जाड पुस्तकांचा ढीग. त्यांनी एकेक पुस्तक उचलून बाजूला ठेवलं. सगळ्यात खाली दोन टिपकागद, आणि त्यांच्यामध्ये वाडूझचा किल्ला.

तिकीट अप्रतिम निघालं होतं. कडेचा एक दात तुटलेला नाही, एक सुरकुती नाही, पाठीवर गोंदाचा मागमूस नाही. निळसर डोंगर, वर करडा किल्ला, आणि कोपऱ्यात शिक्क्याची अर्धी गोलाई.

"कसा निघाला?" काकांनी विचारलं.

"छान निघालंय, काका." माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला. "आणि पाकीट?"

"सुकत घातलाय," काका म्हणाले, आणि पुस्तकं पुन्हा एकावर एक रचू लागले.

आमच्या पिढीच्या जमवणाऱ्यांची एक रीत आहे. कुणाला तिकीट द्यायचं तर पाकिटाचा कागद चिकटलेला असताना द्यायचं नाही. पाण्यात भिजवायचं, गोंद सुटला की अलगद सोडवायचं, पालथं घालून सुकवायचं, पुस्तकांखाली दाबायचं, मग द्यायचं. कागदासकट तिकीट देणं म्हणजे पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढणं. दादानेच मला ते शिकवलं होतं, आणि दादाला काकांनी.

स्वयंपाकघरात काकांची सून वनिता चहा करत होती. तिने मला न विचारताच सांगितलं. बुधवारी सकाळपासून काका तयार होऊन माझी वाट बघत बसले होते. माझा फोन आला आणि त्यांचा दिवस रिकामा झाला. मग त्यांनी ट्रंक उघडली. "मी म्हटला, बाबा, ताई उद्या येतीलच, त्यांच्यासमोर भिजवा. तर म्हणाले, आज ऊन चांगला हाय, दाबून ठेवला तर उद्या हातात देता येईल." भिजवायच्या आधी तिकिटापुरता कोपरा कापून घेतात. काकांनी कात्री घेतली, दोनदा लावली आणि ठेवून दिली. अनिलचं पाकीट कापायला त्यांचा हात होईना. म्हणून त्यांनी अख्खं पाकीटच परातीत सोडलं. पत्ता बॉलपेनचा असेल असं त्यांना वाटलं होतं. तो शाईचा होता.

"पाणी निळा झाला तवा हाक मारली मला," वनिता म्हणाली. "तवर गेला सगळा. रात्री जेवले नाय नीट."

कापलं असतं तर पत्ता राहिला असता. जपायला गेले म्हणून गेला. आणि मी बुधवारी आले असते तर दोन्ही राहिलं असतं. चहा कपात ओतून होईपर्यंत मी हे तीनचार वेळा उलटसुलट करून पाहिलं. दरवेळी शेवटी मंदाच्या शेतातलं मडकंच समोर येत होतं.

मागच्या पडवीत कपड्यांच्या दोरीवर, वनिताच्या मुलाच्या शाळेच्या शर्टाशेजारी, दोन चिमट्यांनी पाकीट लावलेलं होतं. मी जवळ गेले. कागदावर निळ्या ढगासारखा डाग पसरलेला. दादा अक्षरांच्या डोक्यावरची रेघ नेहमी दाबून, दोनदा ओढायचा. ती रेघ तेवढी राहिली होती. तीन ओळींच्या तीन रेघा, आणि त्यांच्याखाली काही नाही. कोणती रेघ काकांच्या नावाची आणि कोणती रोह्याची, ते मी बोट न लावता शोधत राहिले. मला रडू आलं, आणि कुणी बघायच्या आत मी शाळेच्या शर्टाला तोंड पुसलं.

काका कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी चिमटे काढले, पाकीट तळहातावर घेतलं.

"मी येवढी वरसा भिजवला नाय," ते म्हणाले. "त्याचा अक्षर चांगला होता ना. रोहाचा 'र' बघ, येवढा मोठा काढायचा. पन तुझ्या वहीत भोक राहिला होता. तिकीट तिथंच पायजे." मग म्हणाले, "ह्या माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

हीच वेळ होती सांगायची. काका, मला तिकीट नको होतं, मला हेच हवं होतं, तुम्हाला हवं होतं तेच. पण ते सांगितलं असतं तर त्यांच्या हातात काय उरलं असतं? मी म्हटलं, "राहू दे की, तुमचंच आहे ते." त्यांनी पाकीट टिपकागदात ठेवून ट्रंकेत ठेवलं. मग आम्ही जेवलो. वालाचं बिरडं होतं. चवीला कसं होतं ते मला आठवत नाही.

रोहा, शुक्रवार

सकाळी काका मला स्टेशनावर सोडायला आले. रिक्षाला नाही म्हणाले. पुलावर मध्येच उभे राहून त्यांनी मला दादाची जागा दाखवली. संध्याकाळी दोघं इथे कठड्याला टेकून उभे राहायचे. परदेशातून आल्यावर दादा पुलाच्या या टोकाला म्हणायचा, "काका, व्हिसा आणलाय का?" आणि काका खिशातून विडी काढून दाखवायचे. दोघंही रोज हसायचे. काकांनी सांगताना मीही हसले, आणि तेवढ्यापुरतं सगळं ठीक वाटलं.

रोहा स्टेशन ऐसपैस आणि शांत आहे. इथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, म्हणून माणसं इथे खाली उतरून पाय मोकळे करतात आणि पुन्हा चढतात. फार थोडी कायमची उतरतात. दादा उतरला तो पुरती नोकरी इथे काढून मोकळा झाला. गाडी आल्यावर काकांनी वालाची पुरचुंडी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"पान भरला तुझा," ते म्हणाले. "आता कशाला येशील इकडं?"

"येईन की," मी म्हटलं. असं म्हणतात तसंच म्हटलं. काकांनी मान हलवली आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले.

सोलापूर

क्लासातल्या बायकांनी चपलांवरून भरपूर चेष्टा केली. मी मिठागर, गणपती आणि पोपटी सांगितली. पाकिटाचं सांगितलं नाही. रात्री अल्बम उघडला, किल्ल्यांच्या पानावर तिकीट ठेवून पाहिलं. चौकोनात ते नेमकं बसत होतं. पान भरलेलं दिसलं आणि मला ते बघवेना. तिकीट पुन्हा पुडीत ठेवलं.

आठवड्याने काकांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, मंदाची चप्पल परत पाठवायची नाही असं ठरलं. मग त्यांनी विचारलं, "तिकीट लावलास काय?"

"नाही अजून," मी म्हटलं. "चिकटवायच्या कागदी पट्ट्या संपल्यात. इथे मिळत नाहीत हल्ली." त्या पट्ट्यांचं कोरं पाकीट माझ्या समोरच, टेबलाच्या खणात होतं.

काकांच्या मागे वनिता कुणाला तरी ओरडत होती, ते ऐकू येत होतं.

"माझ्याकडं हायत," मग ते म्हणाले. "येऊन घेऊन जा. आनि सुमन, ह्या बारीला पेणला थांबू नको गो. सरळ इकडं ये."